भरावावरचा प्लॉट

खारकोणे, ता. उरण
१२ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामीच्या फोनवर लिहून पाठवलं की ती कानाशी वाचून दाखवता दाखवता अर्धं स्वतःच ठरवून टाकते. म्हणून कागदावर लिहिते आहे.

आम्ही घरासाठी जागा बघतोय. इथलं घर आता राहण्याजोगं उरलं नाही. खाडीच्या बांधाला दोन ठिकाणी खांड पडली ती कुणी बुजवलीच नाही. आधी उधाणाचं पाणी भातखाचरात यायचं, मग अंगणात यायला लागलं. गेल्या पावसाळ्यात ते ओटीवर चढलं. अमावास्या-पौर्णिमा आली की आम्ही गाद्या, तांदळाचा डबा, मिक्सर सगळं माळ्यावर टाकतो आणि पाणी उतरलं की चिखल काढतो. अल्पेश ट्रेलर बंदरात लावून दमून येतो आणि हातात खराटा घेतो. मी हॉस्पिटलमधून ड्युटी करून येते आणि फडकं घेते. याचा कंटाळा आला असं म्हणायचीही आता ताकद नाही.

खरी काळजी बाबांची आहे, म्हणजे सासऱ्यांची. त्यांना साखरेचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली आहे ती सुकत नाही. डॉक्टर म्हणतात पाय कोरडा ठेवा. जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला, आणि आता घरातच खारं पाणी येणाऱ्या माणसाला, पाय कोरडा ठेवा म्हणायचं. मी नर्स आहे. रोज बाहेरच्यांच्या जखमा धुते, आणि घरातली एक मला भरून आणता येत नाही.

गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला बंगल्यांचे प्लॉट पडलेत. पूर्वी तिथे दगडाची खाण होती म्हणतात. आता सगळं सपाट आहे, रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत. चौदा नंबरचा प्लॉट आम्हाला आवडला. वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिलाय, त्यात काही खोट नाही. त्याची झेरॉक्स सोबत पाठवते. तुम्ही जन्मभर कोळशाच्या खाणीत सर्व्हेचं काम केलंत. घेण्याआधी आणखी काही बघायला हवं का, एवढं कळवा.

मामीला नमस्कार. तब्येत सांभाळा.

तुमची
प्राप्ती


जि. चंद्रपूर
२५ जानेवारी २०२५

प्राप्ती बाळा,

पत्र आणि रिपोर्ट मिळाला. दोनदा वाचला. काम नीट केलेलं आहे. पण वकिलाने मालक शोधलेत, जमीन शोधलेली नाही. ते त्याचं कामही नव्हे. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते त्यात आहे. जमिनीतून काय बाहेर गेलं आणि आत काय आलं, ते नाही.

खाण होती म्हणतेस आणि आता सपाट आहे म्हणतेस. मग खड्डा कशाने भरला हा प्रश्न पहिला.

तू असं कर. सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन अलिबागला खनिकर्म शाखेत माहितीचा अर्ज दे. त्या गटावर दगडाचा खाणपट्टा कधी दिला होता, कधी संपला, त्याची हद्द कुठून कुठवर होती, नकाशा असेल तर त्याची प्रत. दुसरं, उपग्रहाचे जुन्या वर्षांचे फोटो हल्ली कॉम्प्युटरवर कुणालाही दिसतात. तुझ्या हॉस्पिटलात कुणाला तरी येत असेल. तिसरं, प्रत्यक्ष जाऊन कंपाउंडच्या भिंती बघ. खांब सरळ आहेत का बघ. भेगा वरून खाली रुंद होत जातात की खालून वर, ते मला लिही. आणि शेवटचं म्हणजे प्लॉटच्या दोन टोकांना खड्डा खणून बघा. मुरूम लागला, काळा दगड लागला तर ठीक. दुसरं काही लागलं तर थांबा.

यातलं काहीही झाल्याशिवाय सही करू नका. घर वर बांधतात आणि त्याचा निकाल खाली लागतो, हे मी इथे चाळीस वर्षं बघितलं.

नामदेवांना, तुझ्या सासऱ्यांना, माझा नमस्कार सांग. त्यांना सगळे नामाच म्हणतात ना अजून? लग्नात आम्ही दोघंच मांडवाच्या मागे बसलो होतो. मला ऐकू येत नव्हतं आणि त्यांना बोलायचं नव्हतं. छान गेली दुपार.

इथलं ठीक. थंडी बरी आहे.

तुळशीराममामा


खारकोणे
१६ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला धीर होत नव्हता. मी तुम्हाला 'घेण्याआधी' असं लिहिलं होतं. खरं म्हणजे साठेखत डिसेंबरातच झालंय. अल्पेशची आणि माझी, दोघांची सही आहे. मला वाटलं तुम्ही रिपोर्ट बघाल, बरोबर आहे म्हणाल आणि माझ्या मनाची समजूत पटेल. तेवढ्यासाठीच लिहिलं होतं.

तुमचं पत्र मी अल्पेशला वाचून दाखवलं. तो जेवत होता. म्हणाला, मामांचं आयुष्य जमिनीखाली गेलं, त्यांना प्रत्येक घराखाली भोकच दिसणार. कोळसा वेगळा, दगड वेगळा. इथे काय बोगदे नाहीत. मग ताट तसंच ठेवून उठला. रागावून नाही, मामा. त्याला वाटतं एक गोष्ट तरी झाली म्हणून टिक करावी आणि झोपावं. ती पण मी उकरून काढली.

मलाही खरं सांगायचं तर तसंच वाटलं होतं, की मामा घाबरवतायत. पण मग रविवारी एकटीच वर गेले. दोन बंगले बांधून झालेत. एकात अजून कुणी राहायला आलेलं नाही. त्याच्या मागच्या भिंतीला भेग आहे. वर बोट जाईल एवढी, खाली नखभर. सहा नंबरपासून पुढे खांब थोडे खाडीकडे झुकलेत, पण ते वाऱ्यानेही असेल.

अलिबागला अर्ज देऊन आले. तिथले क्लार्क भले होते. म्हणाले, असा अर्ज घर घेणाऱ्याकडून पहिल्यांदाच बघतोय, खाण घ्यायला येतात लोक. मला हसू आलं, पण खाडी ओलांडायच्या बोटीच्या रांगेत उभं राहून पाय इतके दुखत होते की हसलेही नाही.

बाबांची जखम तशीच आहे.

प्राप्ती


जि. चंद्रपूर
२७ फेब्रुवारी २०२५

प्राप्ती,

सही झाली म्हणून अपराध झाला नाही. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. वेळ आहे.

अल्पेश म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. तुमच्याकडे बोगदे नाहीत. आमच्याकडे जमिनीखाली कोळसा काढताना मधे खांब सोडतात, छत धरून राहावं म्हणून. खाण बंद झाली की खाली पाणी भरतं, खांब झिजतात, आणि वर ज्याचं स्वयंपाकघर असेल त्याचं ते. तुमच्याकडे उघडा खड्डा होता, तो कशाने तरी भरलाय. पण दोन्हीकडे गोष्ट एकच. माणसाने जे काढलं ते तिथे परत येत नाही. भराव दिसतो घट्ट, आणि वर्षानुवर्षं बसत राहतो.

इथल्या एका ओळखीच्या माणसाचं सांगतो. कॉलनीतून रिटायर झाल्यावर त्याने गावात घर घेतलं. कागद चोख होते. माणूस या धंद्यातलाच, पण त्या भागाखालचं काम फार जुनं होतं, त्याचे नकाशे कुणाकडेच नव्हते. एका उन्हाळ्यात मागचं दार लागेना. त्याची बायको म्हणाली लाकूड फुगलं असेल. उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्याने सुताराला बोलावून दार तासून घेतलं. महिन्याभराने परत अडकलं. परत तासलं. माणसाला आपल्या घराबद्दल काही ऐकायचं नसतं, बाळा, ते आपल्याकडूनसुद्धा ऐकायचं नसतं.

भेग वर रुंद आहे लिहिलंस. म्हणजे घराचं ते टोक खाली जातंय. खड्डा खणून बघाच.

मामा


खारकोणे
३० मार्च २०२५

मामा,

अलिबागचं उत्तर आलं. खाणपट्टा होता, वीस वर्षांपूर्वी संपला. नकाशाची प्रत मिळाली. मी ती प्लॉटच्या नकाशावर ठेवून खिडकीच्या काचेला धरली. खाणीची कड चौदा नंबरच्या बरोबर मधून जाते.

 अल्पेशच्या मित्राचा पोकलेन जवळच्या रस्त्याच्या कामावर होता, तो त्याने सकाळी अर्ध्या तासासाठी मागून आणला. बाबाही आले, रिक्षातून उतरले नाहीत. डोंगराकडच्या टोकाला दोन हातांवर काळा दगड लागला. पोकलेनचा दात घासून आवाज आला तेव्हा अल्पेशच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. मग मशीन खाडीकडच्या टोकाला नेलं.

वर हातभर मुरूम. त्याखाली तोडलेल्या इमारतींचा राडारोडा. बाथरूमच्या निळ्या टाइल, स्लॅबचे तुकडे, सळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल, गाडीची सीट. मशीनचा हात पुरेल तिथवर तेच. शेवटी खालून काळं पाणी झिरपायला लागलं आणि वास सुटला. कुणाच्या तरी मोडलेल्या घरांवर आम्ही आमचं घर बांधणार होतो.

अल्पेशने मित्राला खूण केली, खड्डा परत बुजवायला सांगितला. तो स्वतः फावड्याने कड सारखी करत राहिला. ते करायची काही गरज नव्हती. मग बाबांच्या शेजारी रिक्षात बसला. बाबा म्हणाले, "घरी चल. भूक लागली." तेवढंच.

आता काय करायचं ते सांगा. माझं डोकं चालत नाही. हॉस्पिटलात रमजानमुळे रेहानाच्या काही ड्युट्या मी घेतल्यात. रेहाना म्हणजे माझ्याबरोबरची नर्स, उरण शहरातली. तिचा नवरा कैस कुवेतला असतो. उपवास धरून ती उभी असते, तिला नाही म्हणवत नाही.

मामी बरी आहे ना? दोन्ही पत्रांत तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

प्राप्ती


जिल्हा परिषद शाळा, मागची इमारत
जि. चंद्रपूर
१२ एप्रिल २०२५

प्राप्ती,

वरचा पत्ता बदललेला दिसेल. घराचं थोडं काम काढलंय, म्हणून काही दिवस इकडे आहोत. पत्र इथेच पाठव.

अर्धं घर दगडावर आणि अर्धं भरावावर, हे सगळ्यात वाईट. सगळं भरावावर असतं तर सगळं एकदम बसलं असतं. तुमचं मधून मोडेल. त्यावर खोल पाया घेऊन घर बांधता येतं, पण तो खर्च तुमच्यासारख्यांचा नाही.

बिल्डरला नकाशा दाखवा. भांडू नका. खाणीच्या हद्दीबाहेरचा, डोंगराकडचा प्लॉट बदलून मागा. त्याच्याकडे असे चार-सहा तरी असणार. त्याला बोभाटा नको असेल, तो देईल.

मामी बरी आहे. इथे ऊन फार आहे.

मामा


खारकोणे
२५ मे २०२५

मामा,

तुम्ही लिहिलंत तसंच झालं, आणि मग नाही झालं. सगळं सांगते.

बिल्डरने नकाशा बघितला. माणूस गोड बोलतो. चहा मागवला. म्हणाला, असे नकाशे काय, जुने असतात, पण तुमचं मन मानत नसेल तर मी तुम्हाला तीन नंबर देतो. तीन नंबर सगळा डोंगराच्या दगडावर आहे.  मग म्हणाला, फक्त एक करा. चौदा नंबर तुम्ही घरगुती कारणाने सोडला असं लिहून द्या, आणि बाकी कुठे काही बोलू नका. लोक उगाच घाबरतात.

अल्पेशने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो मामा, मी हो म्हटलं. मला बाबांचा पाय दिसत होता, जूनच्या आत चौकट उभी राहील का एवढंच डोक्यात होतं. लिहून दिलं. पंधरवड्यात तीन नंबरचे कागद करू म्हणाला.

त्यानंतर आठवडाभराने रेहाना डबा खाताना म्हणाली, तुला एक खुशखबर देते, अजून कुणाला सांगितलेली नाही. कैसने वरच्या प्लॉटमधला एक घेतलाय, कुणीतरी सोडला म्हणून लगेच मिळाला. चौदा नंबर. तू पण तिथेच येणार ना, शेजारी होऊ.

 मी तिला त्या दिवशी काहीच बोलले नाही. चांगलं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. ती कैसला पाठवायला म्हणून माझ्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्याचं माप विचारत होती.

घरी अल्पेशला सांगितलं. तो म्हणाला, तुला वाटतं मला कळत नाही? कळतं. पण तू बोललीस की तीन नंबर गेला. बाबांना कुठे ठेवणार पावसाळ्यात? रेहानाचा नवरा कुवेतला आहे, त्यांना उरणात वडिलांचं घर आहे, ते आज उद्या पाण्यात नाहीत. आपण आहोत. आवाज चढवून बोलला नाही तो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

बाबा खाटेवर होते. आम्हाला वाटलं झोपलेत. ते उठून बसले आणि अल्पेशला म्हणाले, "पाय माझा हाय. त्याचं नाव सांगून दुसऱ्याच्या पोरीला खड्ड्यात घालू नको. मला न्हाय चालायचं."

अल्पेश बाहेर जाऊन ओटीच्या पायरीवर बसला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी रेहानाला औषधांच्या खोलीत नेलं आणि दोन्ही नकाशे तिच्या हातात दिले. खड्ड्याचा फोटोही दाखवला. तिने फक्त विचारलं, तुला हे किती दिवसांपासून माहीत होतं? मी सांगितलं. तिने नकाशे घडी करून पर्समध्ये ठेवले आणि वॉर्डात गेली. तेव्हापासून सलाम-दुआही बंद आहे.

बिल्डरला कळलंच, त्याचा फोन आला. गोड बोलणं संपलं. तीन नंबर नाही. साठेखत रद्द करायचंय म्हणता, तर बघू, वेळ लागेल. आम्ही लिहून दिलेला कागद आता त्याच्याच हातात आहे, की आम्ही घरगुती कारणाने सोडला.

मी बरोबर केलं का ते मला सांगू नका. मला फक्त तुम्हाला लिहायचं होतं. तुमच्या घराचं काम झालं का? किती दिवस शाळेत राहणार?

प्राप्ती


जिल्हा परिषद शाळा
जि. चंद्रपूर
८ जून २०२५

चि. प्राप्ती,

मी केसरमामी लिहिते आहे. मामांनी तुझं पत्र वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उत्तर लिहायला बसतात आणि कागद तसाच परत ठेवतात. म्हणून मीच लिहिते, त्यांना न सांगता. माझं अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

घराचं काहीच काम काढलेलं नाही. घर राहायचं नाही म्हणून नोटीस लागली आहे. मागच्या दाराचं जे तुला लिहिलं, ओळखीच्या माणसाचं म्हणून, ते आमचंच दार. दोन वर्षांपासून अडकत होतं. लाकूड फुगलं म्हणाले ती मीच. मार्चमध्ये होळीनंतर शेजारच्या गल्लीत एका घराचं अंगण खाली गेलं. सकाळची वेळ, सगळे बाहेर नळावर होते म्हणून कुणाला काही झालं नाही. विहिरीसारखा खड्डा, खाली बघितलं तर तळ दिसत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला बाहेर काढलं. आम्हाला शाळेत खोली मिळाली. दोन कुटुंबं आणि मधे साडी बांधलेली.

तुझं खड्डा खणल्याचं पत्र आलं ते याच शाळेत. पोस्टमनला मामा ओळखीचे, त्याने शोधून दिलं. मी म्हटलं पोरीला खरं कळवा. म्हणाले, तिच्या डोक्यावर तिचंच घर आहे, त्यात आपलं कशाला.

तुला वाटलं असेल मामा कडक लिहितात. ते तुला लिहीत नव्हते गं, ते स्वतःला लिहीत होते. चाळीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या पायाखालची मापं काढली. आता कुणी काही विचारत नाही. रोज सकाळी चालत जातात, दोरी लावलीये तिच्या अलीकडे उभे राहतात आणि आपलं घर बघून परत येतात. आज काय दिसलं विचारलं तर म्हणतात, अजून उभं आहे.

तू त्या मुलीला सांगितलंस ते वाचून मात्र रडले. कधी नव्हे ते. आम्हाला घर विकणारा माणूस चांगला होता, त्यालाही माहीत नव्हतं. पण मामा म्हणाले, कुणाला तरी कळलं आणि त्याने तोंड उघडलं, असं मी पहिल्यांदा बघतोय. हे ते तुला लिहिणार नाहीत.

नवीन जागा देणार आहेत म्हणतात. कुठे ते माहीत नाही.

तुझी मामी
केसर


उरण
२९ जून २०२५

मामा, मामी,

पत्र दोघांना एकत्रच लिहिते आहे. मामी, तू लिहिलंस ते मी असं उघड केलं म्हणून रागावू नकोस. आता लपवाछपवीचा सगळ्यांनाच कंटाळा आलाय.

तुमचं घर खचत होतं आणि मी तुम्हाला भेगांची रुंदी कळवत होते. त्याबद्दल काय लिहू ते कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

हे पत्र हॉस्पिटलमधून लिहिते आहे. या आठवड्यात अमावास्येचं उधाण आलं, वर पाऊस. गुरुवारी दुपारी पाणी खाटेच्या चौकटीला लागलं. आम्ही खाटेखाली विटा लावल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. बाबा माळ्यावर चढायला तयार नव्हते, चढता येतही नव्हतं. त्यांना ताप होता. अल्पेशने त्यांना पाठीवर घेतलं आणि मांडीभर पाण्यातून रस्त्यापर्यंत नेलं. मी पुढे काठीने गटार चाचपत चालले होते. बाबा अल्पेशच्या कानाशी काहीतरी बोलत होते. नंतर विचारलं तर म्हणाला, मिठागराच्या गोष्टी सांगत होते, आजोबांना असंच त्यांनी एकदा नेलं होतं.

दोन बोटं काढावी लागली. शुक्रवारी ऑपरेशन झालं. पाय वाचला असं डॉक्टर म्हणतात. पूर्ण वाचला की नाही ते महिन्याभरात कळेल.

मी रात्रंदिवस हेच घोकत बसेन असं मला वाटलं होतं, की तोंड बंद ठेवलं असतं तर. पण तीन नंबरवर घर जूनमध्ये झालंच नसतं, हे अल्पेशच म्हणाला. तो हे माझ्यासाठी म्हणाला की खरंच तसं आहे, मी विचारलं नाही. त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर बसून माझा हात धरला. आमच्यात हे फार झालं.

रेहाना काल बाबांच्या वॉर्डात आली. ड्युटी नव्हती तिची. बाबांच्या पायाचं ड्रेसिंग तिने केलं, माझ्यापेक्षा चांगलं. कैसने तिकडून फोन करून इथला एक इंजिनियर लावला, पुन्हा खड्डा खणून घेतला आणि मग सौदा मोडला. तिचाही कागद अडकलाय. हात धुताना म्हणाली, "तू ते दोन दिवस गप्प होतीस याचा मला राग होता. अजून आहे. पण घर तर दोघींचंही गेलं." मग म्हणाली, बिल्डरविरुद्ध अर्ज करायचा तर दोघी मिळून करू, एकटीचं कुणी ऐकत नाही. अलिबागचा नकाशा तिच्या पर्समध्ये अजून आहे. आम्ही बुधवारी जाणार आहोत. त्या दोन बांधलेल्या बंगल्यांच्या मालकांनाही सांगायला हवं. त्यातले एक पुण्याला असतात.

हॉस्पिटलजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. पहिला मजला. गावातलं घर बंद करून ठेवलंय, उधाण त्याला येऊन-जाऊन भेटेल. इथे जागा लहान आहे पण कोरडी आहे. तुम्ही दोघं या. साडीच्या आडोशाने राहण्यापेक्षा इथे या. मी हे उपकार म्हणून म्हणत नाही. मी आणि अल्पेश दोघंही कामावर असतो आणि बाबांजवळ दिवसा कुणी नसतं.

प्राप्ती


जिल्हा परिषद शाळा
जि. चंद्रपूर
८ जुलै २०२५

प्राप्ती,

पत्र मिळालं. मामीला बोललो नाही. तिने लिहिलं ते बरं केलं.

इथे परवा कागद आला. नवीन जागा देतायत, गावापासून लांब, माळावर. बाकीचे लगेच सही करून आले. मी साहेबांना विचारलं, या माळाखाली काय आहे? जुन्या कामाचा नकाशा आहे का? ते म्हणाले, काका, तुम्हीसुद्धा. मी म्हटलं मीसुद्धा. त्यांनी नकाशा मागवतो म्हणून सांगितलंय. वेळ लागेल. तोवर सही करणार नाही. मामी चिडली आहे, पण माझ्या बाजूने चिडली आहे.

तुमच्या अर्जात एक गोष्ट घाला, देऊन झाला असेल तर पुरवणी जोडा. भराव कधी घातला आणि कुणाच्या परवानगीने, हे वेगळं विचारा. लेआउट मंजूर करताना खाणपट्ट्याची नोंद समोर होती का, हेही. रेहानाचं आणि तुझं नाव वेगवेगळ्या अर्जांवर नको, एकाच अर्जावर दोघींच्या सह्या असू देत.

तू बरोबर केलंस का ते सांगू नका म्हणाली होतीस, म्हणून सांगत नाही.

घर आता पाहायला जात नाही. मागच्या सोमवारी मागची भिंत बसली, मी तिथेच होतो. फार आवाज झाला असं लोक म्हणाले. मला धूळ दिसली फक्त. तिथून परत येताना मोकळं वाटलं, हे मामीला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. आता रोज उठून ते उभं आहे का बघायला नको.

आम्ही येतो. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलंय. मुक्कामाला किती दिवस ते माहीत नाही. मामी स्वयंपाकाचं बघेल, तू त्यात पडू नकोस. नामदेवांना सांग की तुळशीराम येतोय. त्यांना बोलायचं नसेल तर नको बोलू देत, मला तसंही ऐकू येत नाही. कॉटजवळ बसायला माणूस लागतं. तेवढं काम मला अजून जमतं.

मामा